गुप्तधनाच्या गोष्टी अन् मेटल डिटेक्टर : खणण्याआधी एवढं वाचा

जालना : ‘जालना सोने का पालना’ ही म्हण आपल्या जिल्ह्यात लहानथोरांना पाठ आहे. जुन्या गढीत, बारवेजवळ, ओसाड गावठाणात धनाचा हंडा पुरलाय, त्यावर नाग राखण करतो, पायाळू माणसाला तो दिसतो, अशा गोष्टी गावोगाव ऐकायला मिळतात. आता मेटल डिटेक्टर ऑनलाइन मिळतो. त्यामुळे छंद म्हणून शोधणारे वाढले, तसे या नावाखाली फसवणारेही आहेत.

गोष्टी येतात कुठून?

या गोष्टी अगदीच हवेतल्या नाहीत. मोगलाईत जालना ही श्रीमंत पेठ होती. नोव्हेंबर १६७९ मध्ये शिवाजी महाराजांनी ती लुटली. परतताना संगमनेरजवळ मोगल फौजेने गाठले, तेव्हा बहिर्जी नाईकांनी आडवाटेने सैन्य पट्टा किल्ल्यावर नेले. २३ सप्टेंबर १८०३ ला असईची लढाई झाली. पुढे १९४८ पर्यंत निजामाचे राज्य होते. खेड्यात बँका नव्हत्या. लोक चांदीचे रुपये, दागिने मडक्यात घालून भिंतीत नाहीतर जमिनीत ठेवत. ठेवणारा अचानक गेला की जागा कुणालाच माहीत नसायची. गोष्ट तेवढी मागे राहायची.

खरा ठेवा कसा असतो?

भोकरदन म्हणजे जुने भोगवर्धन. तिथल्या १९७३ च्या उत्खननात हस्तिदंताची स्त्रीमूर्ती मिळाली. तिच्याशी मिळतीजुळती मूर्ती थेट इटलीतल्या पॉम्पेई शहरात सापडलेली आहे. म्हणजे दोन हजार वर्षांपूर्वी आपल्या भागाचा व्यापार कुठवर पोचला होता, ते यावरून कळते. शेजारच्या सिंदखेडराजात २०२४ मध्ये पुरातत्त्व खात्याच्या खोदकामात शेषशायी विष्णूची मोठी मूर्ती निघाली. नगर जिल्ह्यातल्या दायमाबादला १९७४ मध्ये झाडाची मुळं खणताना एका शेतकऱ्याला तांब्याचा रथ, हत्ती, गेंडा अन् रेडा सापडला. यात सोन्याचा हंडा कुठेच नाही, तरी मोल मोठं आहे. वस्तू कोणत्या थरात, कशाशेजारी होती यावरून काळ ठरतो. घाईने उपसली की ती माहिती कायमची जाते. पांढरीची माती ट्रॅक्टरने उचलतानाही हेच नुकसान होते.

मशीन काय सांगते, काय नाही?

साधे हातातले मशीन एकटे नाणे वीत-दीड वीत खोलीपर्यंतच पकडते. मोठे भांडे थोडे आणखी खोल कळते. सोने आणि अ‍ॅल्युमिनियमचा तुकडा यांचा आवाज बरेचदा सारखाच येतो. आपल्या काळ्या दगडात लोहखनिज असते, त्यामुळे मशीन उगाच वाजते. ‘वीस फूट खोल सोनं दाखवतो’ म्हणणाऱ्याला पैसे देऊ नयेत.

छंद असेल तर आधी कागद

दंतकथा कुणी सांगितली, शेताचे जुने नाव काय, गट नंबर कोणता, हे लिहून ठेवावे. त्याच गोष्टीला दुसऱ्या गावात काय म्हणतात तेही विचारावे. जालना जिल्हा १ मे १९८१ ला झाला. त्याआधीची माहिती औरंगाबादच्या गॅझेटियरमध्ये शोधावी, परतूरची परभणीच्या. घरात मोडी कागद असतील तर जाणकाराकडून वाचून घ्यावेत. दुसऱ्याच्या रानात मालकाला विचारल्याशिवाय मशीन नेऊ नये. संरक्षित स्मारकाच्या जागेत परवानगीशिवाय खणणे हा गुन्हा आहे.

सापडलंच तर?

भारतीय निखात निधी कायदा, १८७८ नुसार दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीचे धन सापडले तर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावे लागते. काय सापडले, कुठे, कोणत्या तारखेला, हे त्यात लिहायचे. ठेवा कोषागारात जमा करावा किंवा मागतील तेव्हा हजर करण्याची हमी द्यावी. मग जाहीर नोटीस निघते आणि चार ते सहा महिन्यांनंतरच्या तारखेला दावे ऐकले जातात. शंभर वर्षांच्या आत पुरलेल्या धनावर मूळ मालक किंवा वारस हक्क सांगू शकतो. मालक नसलेले धन ठरले आणि आपसात वेगळा करार नसेल, तर तीन हिस्से सापडणाऱ्याला अन् एक हिस्सा जागामालकाला मिळतो. सरकारला ठेवा हवा असेल तर धातूच्या किमतीवर पाचवा हिस्सा जादा देऊन घेता येतो. लपवले तर हिस्सा जातोच, वर एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते.

पूजा, बळी, मांत्रिक

गुप्तधनासाठी अघोरी प्रकार करणे हा महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे. सहा महिने ते सात वर्षे कैद अन् पाच ते पन्नास हजार दंड आहे. जामीन सहजी मिळत नाही. असा प्रकार दिसला तर ११२ ला फोन करावा. नांगरताना काही लागले तर हात लावण्याआधी जागेचा फोटो काढावा, खणणे थांबवावे आणि तलाठ्याला किंवा पोलीस पाटलाला सांगावे.