नवी कीं वापरलेली? : कस्टम मोटारसायकलीचा इतिहास

एखादी वस्तु नवी घ्यावी कीं वापरलेली, हा प्रश्न संसारी माणसाला नवा नाहीं. घर, घोडा, दागिना, पुस्तक, सर्वांच्या बाबतींत त्यानें तो पूर्वापार सोडविला आहे, आणि बहुधा खिशाच्या सल्ल्यानेंच सोडविला आहे. साध्या मोटारसायकलीलाहि हाच न्याय लागू पडतो. परंतु अमेरिकेंत जिला 'कस्टम' म्हणतात त्या मोटारसायकलीपाशीं येतांच या साध्या प्रश्नाला चमत्कारिक वळण लागतें. कस्टम म्हणजे मालकाच्या मर्जीबरहुकूम घडविलेली. शिंप्याला माप देऊन शिवून घेतलेला अंगरखा आणि दुकानांत टांगलेला तयार सदरा यांत जो भेद, तोच हिच्यांत आणि कारखान्याच्या गाडींत. आतां माप देऊन शिवलेला अंगरखा वापरलेला घ्यावा, तर तो दुसऱ्याच्या मापाचा. आणि नवाकोरा तयार मिळतो म्हणावें, तर तो माप देऊन शिवलेला कसा? बाजारांत आज दोन्ही प्रकारच्या गाड्या मिळतात व घेणारा त्यांच्यामध्यें घुटमळत राहतो. पण इतिहास पाहिला तर ही निवड अलीकडची आहे. १९७१ पर्यंत अमेरिकेंतील कोणत्याहि मोठ्या कारखान्याच्या यादींत नवी कस्टम मोटारसायकल ही वस्तुच नव्हती. कस्टम गाडी जन्मास येई ती वापरलेल्या गाडीच्या पोटीं.

या कथेचा आरंभ शर्यतीच्या मैदानावर होतो. १९२९ नंतरच्या मंदींत अमेरिकेंतील मोटारसायकलींचे कारखाने एकामागून एक बंद पडले आणि हार्ले-डेव्हिडसन व इंडियन असे दोनच मोठे कारखाने तग धरून राहिले. खास शर्यतीसाठीं बांधलेलीं महागडीं यंत्रें कोणास परवडत ना. तेव्हां १९३३-३४ च्या सुमारास अमेरिकन मोटरसायकलिस्ट असोसिएशननें 'क्लास सी' नांवाचा एक वर्ग काढला. त्यांत दुकानांत विकली जाणारी साधी गाडी घेऊनच उतरायचें होतें. पुष्कळ तरुण ज्या गाडीवर कामाला जात तीच घेऊन मैदानावर येत, आणि वजन घटविण्यासाठीं पुढचें मडगार्ड, दिवा, जें जें काढतां येईल तें तें काढून ठेवीत. मागचें मडगार्ड तर करवतीनें आखूड करीत. या आखूडपणामुळें अशा गाडीला 'बॉब' हें नांव मिळालें. घोड्याचें शेपूट आखूड कापण्याला इंग्रजींत हाच शब्द आहे. आणि ज्या 'बॉब' केलेल्या केसांनीं आपल्याकडील वडीलधाऱ्यांची एके काळीं झोंप उडविली होती तोहि हाच. शर्यत संपली तरी काढलेले भाग पुन्हां बसविण्याचा उत्साह कोणाला नसे. शिवाय तशी उघडी गाडी रस्त्यावर मिरविण्यांत कांहीं वेगळीच ऐट होती.

महायुद्धानें या हौसेला खरें भांडवल पुरविलें. हार्लेच्या कारखान्यानें युद्धकाळांत डब्ल्यू-एल-ए नांवाची ४५ घन इंची (सुमारें ७४० घन सेंटिमीटर) गाडी सैन्यासाठीं बनविली. कॅनडासाठीं बनविलेला तिचा भाऊबंद धरून ही संख्या नव्वद हजारांच्या घरांत जाते. शांतता झाल्यावर यांतल्या कित्येक गाड्या सरकारनें अतिरिक्त माल म्हणून स्वस्तांत विकून टाकल्या. घेणारे होते सैन्यांतून परतलेले तरुण. त्यांच्यापैकीं पुष्कळांना यंत्र उघडण्याचें व जुळविण्याचें शिक्षण सरकारी खर्चानेंच मिळालें होतें. सैनिकी गाडी मोठी मजबूत, पण बोजड. तिच्यावर सामानाचे कठडे, बंदुकीची म्यान, जाड मडगार्डें यांचें ओझें. तें ओझें उतरविण्याला पैसे लागत नव्हते, एक पान्हा आणि रविवारची दुपार पुरे होत असे. १९४७ च्या जुलैंत कॅलिफोर्नियांतील हॉलिस्टर गांवीं मोटारसायकलवाल्यांनीं जो धुमाकूळ घातला, त्याचें वर्णन वर्तमानपत्रांनीं तिखटमीठ लावून केलें, आणि त्यावरून ही सारी मंडळी गुंड ठरली. त्या गोंगाटांत एक साधी गोष्ट झांकली गेली. कस्टम गाडी ही त्या वेळीं गरिबाची गाडी होती. नवी घेण्याची ऐपत नाहीं म्हणून वापरलेली घ्यायची, आणि ती दुसऱ्याची वाटूं नये म्हणून बदलायची, एवढाच तिचा उगम.

१९६० नंतर कापाकापीची ही कला पुढें गेली आणि 'बॉब'ची 'चॉपर' झाली. आतां केवळ भाग काढून टाकण्यावर भागेना. फ्रेमच कापूं लागले, पुढचा चिमटा लांबवूं लागले, हँडल खांद्याच्या वर नेऊं लागले. चिमटा लांबविणें म्हणजे काय, हें येथें थोडें समजून घेतलें पाहिजे, कारण वापरलेली चॉपर घेणाराचें भवितव्य पुष्कळसें त्यांतच आहे. मोटारसायकलीच्या फ्रेमला पुढच्या टोकाशीं एक नळी असते. तींत हँडलाचा दांडा फिरतो. ही नळी उभी नसते, मागें कललेली असते. तिच्या कलाची रेषा मनानें खालीं वाढवीत नेली, तर चाक जमिनीला जेथें टेकतें त्याच्या किंचित् पुढें ती जमिनीला लागते. या अंतरामुळें चाक जणूं मागून ओढत आणल्यासारखें चालतें व बऱ्याच अंशीं आपोआप सरळ राहतें. हात सोडून सायकल चालविणाऱ्या मुलाला हें शास्त्र ठाऊक नसतें, तरी त्याचा फायदा तो घेतच असतो. चिमटा लांब केला कीं गाडीचें तोंड वर उचललें जातें, नळीचा कल वाढतो आणि हें अंतरहि वाढतें. मग मोकळ्या हमरस्त्यावर गाडी रुळावरून चालल्यासारखी सरळ जाते, पण सावकाश वळवूं जातां हँडल एका बाजूला कोसळूं पाहतें. तोंड फार वर जाऊं नये म्हणून चांगला कारागीर फ्रेमची मान कापतो आणि ती नळी हव्या त्या कोनांत वेल्डिंगनें पुन्हां बसवितो. पुढच्या चाकाचे सारे धक्के या एका सांध्यावर येतात. सांधा जाणत्या हाताचा आहे कीं शिकाऊ हाताचा, हें वरच्या चकचकीत रंगावरून मुळींच कळत नाहीं.

या कलेचा सर्वांत गाजलेला नमुना १९६९ च्या 'ईझी रायडर' या चित्रपटांत जगानें पाहिला. पीटर फोंडा ज्या तारे-पट्ट्यांच्या टाकीच्या गाडीवर बसून दिसतो ती 'कॅप्टन अमेरिका', आणि तिची जोडीदारीण, या दोन्ही चित्रीकरणाच्या सोयीसाठीं दुहेरी, म्हणजे एकूण चार, बनविल्या होत्या. स्वातंत्र्याचें प्रतीक म्हणून ज्यांचीं चित्रें तरुणांच्या भिंतींवर लागलीं त्या गाड्या मुळांत पोलिसांच्या; १९५० च्या आसपासच्या, नोकरी करून थकलेल्या आणि लिलावांत विकत घेतलेल्या! ज्यांनीं त्यांना हें रूप दिलें ते क्लिफ व्हॉज आणि बेन हार्डी हे दोघे कृष्णवर्णीय होते. व्हॉज हा दक्षिणेंतील नागरी हक्कांच्या चळवळींत काम केलेला कार्यकर्ता, आणि हार्डी हा लॉस एंजेलिसच्या कृष्णवर्णीय वस्तींत दुकान चालविणारा निष्णात कारागीर. चित्रपटाच्या श्रेयनामावलींत दोघांचेंहि नांव नाहीं. कित्येक वर्षें जगानें या गाड्यांचें कौतुक केलें तें त्या जणूं आपोआप उगवल्या अशा समजुतीनें. हा अन्याय तर खराच. पण ग्राहकाच्या दृष्टीनेंहि त्यांत एक विचारणीय गोष्ट आहे. कस्टम गाडींत किंमत असते ती करणाराच्या हाताला, आणि नेमकें तें नांवच बहुधा नोंदलेलें नसतें.

त्या चारांपैकीं एक गाडी शेवटच्या प्रसंगांत मोडली. उरलेल्या तीन, चित्रपट झळकण्यापूर्वींच चोरीस गेल्या. पुढें २०१४ सालीं 'खरी कॅप्टन अमेरिका' म्हणून एका गाडीला लिलावांत १३ लाख ५० हजार डॉलरांची बोली लागली. त्याच वेळीं दुसरा एक मालक खरी गाडी आपल्यापाशींच आहे म्हणून पुढें आला, आणि ज्या गृहस्थानें चित्रीकरणाच्या काळीं गाड्या सांभाळल्या होत्या त्यानें निरनिराळ्या वेळीं दोन्ही गाड्यांना खरेपणाचें प्रमाणपत्र दिलेलें निघालें. 'मिलिंदपञ्ह' या पाली ग्रंथांतील संवाद येथें कोणालाहि आठवेल. रथांत बसून आलेल्या यवन राजाला नागसेन विचारतो, आंस म्हणजे रथ काय? चाकें म्हणजे रथ काय? राजा प्रत्येकाला नाहीं म्हणतो, आणि शेवटीं रथ हें केवळ एक नांव उरतें. अमेरिकेच्या व्यवहारानें या कोड्याला मोठें रोखठोक उत्तर दिलें होतें. १९६९ पर्यंत हार्लेच्या फ्रेमवर ओळखीचा क्रमांक नसे, तो एंजिनावर असे. अर्थात् एंजिन हीच गाडी. चाकें, चिमटा, टाकी, सारा सांगाडा बदलला तरी कागदोपत्रीं गाडी तीच. १९७० पासून फ्रेमवरहि क्रमांक घालूं लागले. त्यापूर्वींची कस्टम गाडी घेणारानें एंजिनाचा क्रमांक घासून पुन्हां ठोकलेला नाहीं ना, हें पाहणें म्हणूनच अत्यावश्यक.

कारखान्यानें प्रथम या कापाकापीकडे नाक मुरडूनच पाहिलें. पण ग्राहक आपल्याकडून गाडी घेतो, निम्मे भाग फेकून देतो, आणि दुसऱ्याकडून नवे घेतो, ही गोष्ट कोणत्या व्यापाऱ्याला फार काळ पाहवेल? संस्थापकांपैकीं एकाचा नातू विली जी. डेव्हिडसन हा कारखान्याचा रेखनकार होता. त्यानें मोठ्या गाडीच्या फ्रेमला लहान स्पोर्टस्टरचा हलका चिमटा जोडून १९७१ सालीं 'सुपर ग्लाइड' बाजारांत आणली. कारखान्यांतून निघालेली पहिली कस्टम म्हणून सामान्यतः हिचाच मान मानतात. तिचा नावेच्या आकाराचा मागचा भाग लोकांना रुचला नाहीं, तो पुढच्याच वर्षीं गेला. कल्पना मात्र टिकली. १९८४ ची 'सॉफ्टेल' याच्याहि पुढें गेली. हार्लेच्या मोठ्या गाड्यांना १९५८ पासून मागें स्प्रिंगा आल्या होत्या. पण हौशी लोकांना त्यापूर्वींच्या ताठ फ्रेमचें रूप प्रिय. बिल डेव्हिस नांवाच्या एंजिनियरनें स्प्रिंगा अशा लपविल्या कीं गाडी दिसावी ताठ आणि बसणाऱ्याची कंबर मात्र शाबूत राहावी. त्याची युक्ति कारखान्यानें विकत घेतली. जुनेपणाचें सोंग घेतलेली नवी गाडी ती हीच. या सोंगाला कोणी नांवें ठेवतात. मला त्यांत फारसें वावगें वाटत नाहीं. सांधा कोणी जोडला हें तेथें ठाऊक असतें, आणि तो तुटला तर दाद मागायला दार असतें.

१९९० नंतरच्या दशकांत तर उलटीच गंगा वाहिली. हार्लेच्या गाड्यांना मागणी इतकी वाढली कीं नव्या गाडीसाठीं महिनोन् महिने थांबावें लागे, आणि थांबायची तयारी नसलेले लोक वापरलेल्या गाडीला नवीहून अधिक पैसे मोजीत. या टंचाईवर कॅन्सासची बिग डॉग, टेक्ससची अमेरिकन आयर्नहॉर्स असे कारखाने उभे राहिले; कस्टम गाड्या ते डझनांनीं बनवूं लागले. पुढें दूरचित्रवाणीवरील मालिकांनीं चॉपरला घरोघर नेलें. १९४६ सालीं जी गरिबाची युक्ति होती ती आतां श्रीमंताचा अलंकार झाली, आणि अलंकाराची जी गति मंदींत होते तीच तिची झाली. आयर्नहॉर्स २००८ सालीं बुडाली, बिग डॉगनें २०११ सालीं गाड्या बनविणें थांबविलें. त्यांच्या गाड्या मूळ किंमतीच्या लहानशा अंशाला विकल्या गेल्या.

'हौसेला मोल नाहीं' असें आपण म्हणतों. वापरलेल्या कस्टम गाडीच्या व्यवहारांत ही म्हण शब्दशः खरी ठरते, कारण पहिल्या मालकाच्या हौसेचे पैसे दुसरा मालक देत नाहीं. यंत्राच्या किंमतींत कारागिरी फुकट पदरांत पडते, हा मोठाच लाभ. पण त्या कारागिरीबरोबर दुसऱ्याचे निर्णयहि येतात. त्याचे हात लांब असतील, त्याला पुढचा ब्रेक अशोभनीय वाटला असेल, त्यानें विजेच्या तारा फ्रेमच्या नळींतून ओढल्या असतील आणि त्याचा नकाशा त्याच्या डोक्यांतच राहिला असेल. म्हणून करणारा माहीत असेल, त्याच्या कामाच्या पावत्या असतील, तर वापरलेली कस्टम घेण्यासारखा सौदा नाहीं. तें नसेल तर स्वस्ताई फसवी. ज्याला नुसतें बसून जायचें आहे त्यानें कारखान्याची नवी घ्यावी. ज्याच्या हाताला पान्ह्याची संवय आहे त्यानें मात्र कोणी न छेडलेली, साधी, वापरलेली गाडी शोधावी आणि आपल्या मापानें ती स्वतः बेतावी. या कलेची मूळ परंपरा तीच आहे.

अर्थात् हें अमेरिकेच्या कायद्याच्या छायेंत. आपल्याकडे १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचें ५२ वें कलम याहून कडक आहे. उत्पादकानें ठरविलेल्या मूळ तपशिलाशीं विसंगत होईल असा बदल गाडींत करतां येत नाहीं, असें सर्वोच्च न्यायालयानेंहि २०१९ सालीं स्पष्ट केलें. बदललेली जुनी बुलेट विकत घेणारानें म्हणून गाडी पाहण्याआधीं तिचें नोंदणीपुस्तक उघडावें.

आणि विकणाऱ्याला एक प्रश्न अवश्य विचारावा : काढलेले भाग कोठें आहेत? महायुद्धांतल्या त्या गाड्या आतां पुन्हां मूळ सैनिकी रूपांत आणण्याची हौस निर्माण झाली आहे. १९४६ च्या रविवारीं दुपारीं परसांत भिरकावलेल्या मूळ मडगार्डांना आज चांगला भाव आहे, आणि ज्यांना तीं मिळत नाहींत त्यांच्यासाठीं तशींच नवीं मडगार्डें बनवून विकलीं जातात.