भाऊसाहेब बांदोडकर : निवडणुकीचा कौल आणि जनमताचा कौल

दरवर्षी १७ जानेवारीला आम्ही बेळगावकर हुतात्मा चौकात जमतो. १९५६ साली याच तारखेला बेळगावात झालेल्या गोळीबारात जे बळी पडले, त्यांचे स्मरण करतो आणि सीमाप्रश्नाची प्रतिज्ञा पुन्हा उच्चारतो. त्याच्या आदल्याच दिवशी, १६ जानेवारीला, चोर्ला घाटापलीकडच्या गोव्यात अस्मिता दिन पाळला जातो. १९६७ साली त्या दिवशी गोव्याच्या मतदारांनी महाराष्ट्रात विलीन होण्यास नकार दिला होता. एकाच आठवड्यातले, लागोपाठचे हे दोन दिवस. एक महाराष्ट्रात जाऊ न दिल्याच्या दुःखाचा, दुसरा महाराष्ट्रात न गेल्याच्या आनंदाचा. आमच्या चळवळीत या दुसऱ्या दिवसाविषयी फारसे बोलले जात नाही. ते बोलले पाहिजे असे आम्हांस वाटते, आणि त्यासाठी दयानंद बाळकृष्ण उर्फ भाऊसाहेब बांदोडकर यांच्या राजकीय कारकिर्दीकडे नीट पाहणे हा सर्वांत सरळ मार्ग आहे.

भाऊसाहेबांचा जन्म १२ मार्च १९११ रोजी पेडण्यात, गोमंतक मराठा समाजात झाला. खाण व्यवसायात त्यांनी मोठे यश मिळवले आणि त्या पैशाचा बराचसा भाग शाळा, संस्था व गरजूंसाठी मोकळ्या हाताने खर्च केला. १९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला, तेव्हा राजकारणात पुढे येतील अशी ज्यांच्याविषयी अपेक्षा होती त्यांत जुने स्वातंत्र्यसैनिक होते, काँग्रेसचे पुढारी होते, भाटकार घराण्यांतले शिकलेले लोक होते. शेतात राबणारी कुळे, भाटकाराच्या जमिनीवर झोपडी बांधून राहणारे मुंडकार, रेंदेर, मच्छीमार यांच्या वतीने बोलणारा पक्ष मात्र नव्हता. १९६३ मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षाने ती जागा भरली. पक्षाच्या कार्यक्रमाला दोन बाजू होत्या. गोवा महाराष्ट्रात विलीन करावा, ही एक. बहुजन समाजाच्या हाती सत्ता यावी, ही दुसरी. त्या वेळी या दोन्ही बाजू एकच भासत होत्या आणि पुढच्या सगळ्या घडामोडींचे मूळ या भासात आहे.

डिसेंबर १९६३ च्या पहिल्या निवडणुकीत तीस जागांच्या विधानसभेत मगो हा सर्वांत मोठा पक्ष ठरला. डॉ. जॅक सिकेरा यांच्या युनायटेड गोवन्स पक्षाला बारा जागा मिळाल्या. देशभर सत्तेवर असलेल्या काँग्रेसला गोव्याच्या भूमीवर एकही जागा मिळाली नाही. भाऊसाहेब स्वतः या निवडणुकीस उभेच राहिले नव्हते. तरीही पक्षाने त्यांनाच नेता निवडले, २० डिसेंबर १९६३ रोजी ते गोव्याचे पहिले मुख्यमंत्री झाले आणि नंतर पोटनिवडणुकीतून सभागृहात आले. त्यांच्या पहिल्या छोट्याशा मंत्रिमंडळात टोनी फर्नांडिस हे ख्रिस्ती मंत्री होते. मगोचे राजकारण केवळ धर्माच्या चौकटीत बसवणाऱ्यांनी ही गोष्ट ध्यानात घ्यावी.

भाऊसाहेबांनी निवडणुकीचा निकाल हाच विलीनीकरणाचा कौल मानला. जानेवारी १९६५ मध्ये गोवा विधानसभेने विलीनीकरणाचा ठराव संमत केला. त्याच वर्षी महाराष्ट्र आणि म्हैसूर या दोन्ही राज्यांच्या विधानसभांनी गोव्याविषयी परस्परविरोधी ठराव केले. बेळगावावर दावा सांगणारी दोन्ही राज्ये गोव्याच्या प्रश्नावरही समोरासमोर उभी ठाकली, हे आमच्या वाचकांना नवल वाटण्याजोगे नाही. युनायटेड गोवन्सचे म्हणणे असे, की विधानसभेतील साधे बहुमत एवढ्या मोठ्या प्रश्नाचा निकाल लावू शकत नाही; ज्यांचे भवितव्य ठरायचे आहे त्यांनाच थेट विचारावे. अखेर केंद्राने ते मान्य केले. डिसेंबर १९६६ मध्ये संसदेने जनमत कौलाचा कायदा केला. भाऊसाहेब सत्तेवर असताना मतदान निःपक्षपाती होणार नाही, असा आक्षेप आला, तेव्हा त्यांनी त्याच महिन्याच्या आरंभी मंत्रिमंडळाचा राजीनामा दिला आणि गोव्यात राष्ट्रपती राजवट आली. सत्ता सोडून कौलाला सामोरे जाणे हा त्यांच्या कारकिर्दीतला आम्हांस सर्वांत मोठा वाटणारा क्षण आहे.

मतपत्रिकेवर दोनच चिन्हे होती : विलीनीकरणासाठी फूल आणि संघप्रदेशासाठी दोन पाने. निकाल लागला तो असा. विलीनीकरणाच्या बाजूने १,३८,१७० मते आणि संघप्रदेशाच्या बाजूने १,७२,१९१. फरक ३४,०२१ मतांचा.

या पराभवाचे खापर आपल्याकडे पुष्कळदा ख्रिस्ती मतदारांवर फोडले जाते. ते पुरेसे नाही. हिंदू बहुसंख्य असलेल्या प्रदेशात केवळ ख्रिस्ती मतांवर इतका फरक पडला नसता. कोकणीच्या कैवाऱ्यांनी, त्यांत रवींद्र केळेकर, मनोहरराय सरदेसाय यांच्यासारखे लेखक होते, हिंदू घरांतही प्रचार पोहोचवला. ‘राष्ट्रमत’ या मराठी दैनिकातून उदय भेंब्रे यांचे ‘ब्रह्मास्त्र’ हे सदर विलीनीकरणाच्या विरोधात चालत होते. विलीनीकरणाविरुद्धचा एक प्रभावी आवाज मराठीतूनच उठला, हे आम्हा मराठी भाषकांना मान्य करावे लागेल. याशिवाय रोजच्या व्यवहारातल्या भीती होत्या. महाराष्ट्रातून प्रतिनियुक्तीवर आलेले अधिकारी जागा अडवतील, ही सुशिक्षितांची भीती. महाराष्ट्राची दारूबंदी येथे लागू होईल, ही माडाची सूर काढणाऱ्या रेंदेराची भीती. आणि गोवा हा मुंबईहून चालवला जाणारा एक जिल्हा होऊन बसेल, ही सर्वांचीच भीती.

शेवटच्या भीतीचा विचार आम्हांस अधिक महत्त्वाचा वाटतो. १९६३ च्या आधी गोव्याच्या कुळाला, मुंडकाराला विधानसभा म्हणजे काय हे ठाऊक नव्हते. भाऊसाहेबांच्या सरकारने ते त्याला दाखवले. १९६४ च्या कूळ कायद्याने जमीन कसणाऱ्याला संरक्षण दिले आणि खंडावर मर्यादा घातली. पोर्तुगीज काळात जेथे शाळेचे तोंड दिसत नव्हते, अशा खेड्यांत सरकारी मराठी प्राथमिक शाळा उघडल्या गेल्या आणि ज्यांच्या बापाने कधी पाटी हातात धरली नव्हती अशी मुले वर्गात बसू लागली. पणजीत, आदिलशहाच्या जुन्या वाड्यात भरणाऱ्या सभागृहात आपल्यासारखाच माणूस मुख्यमंत्री म्हणून बसतो आणि त्याला जाऊन भेटता येते, हा अनुभव लोकांनी तीन वर्षे घेतला. विलीनीकरण झाले असते तर हे सभागृहच गेले असते. भाऊसाहेबांनी गोव्याच्या सामान्य माणसाला स्वतःच्या विधानसभेची गोडी लावली आणि मग ती सोडून द्या असे त्याला सांगितले. आमच्या मते कौलाच्या निकालामागे त्यांचे अपयश जेवढे आहे, त्याहून अधिक त्यांच्या कारभाराचे यश आहे.

पुढच्याच निवडणुकीने हे अनुमान दृढ केले. कौलाला अडीच महिने पूर्ण होण्याआधीच मार्च १९६७ मध्ये विधानसभेचे मतदान झाले. ज्यांनी भाऊसाहेबांचे फूल नाकारले होते, त्यांनीच त्यांच्या पक्षाला सोळा जागा दिल्या. युनायटेड गोवन्स बारावरच राहिला. ५ एप्रिलला भाऊसाहेब पुन्हा मुख्यमंत्री झाले. गोव्याच्या मतदाराने दोन प्रश्न दोन वेगळ्या दिवशी ऐकले आणि दोन वेगळी उत्तरे दिली. तुमचे राज्य हवे, तुमचे विलीनीकरण नको.

भाऊसाहेबांनी हा निकाल मानला. १९७० मध्ये त्यांच्याच पक्षातील सात आमदारांनी बंड केले, तेव्हा विरोधी बाकांवरच्या काही आमदारांच्या पाठिंब्याने त्यांचे सरकार तरले. त्याच वर्षी त्यांच्या पुढाकाराने कला अकादमी स्थापन झाली. १९७२ च्या निवडणुकीत मगोला अठरा जागा मिळाल्या. १२ ऑगस्ट १९७३ रोजी मुख्यमंत्रिपदावर असतानाच त्यांचे निधन झाले. मिरामारच्या किनाऱ्यावर त्यांची समाधी आहे. त्यांच्यानंतर कन्या शशिकला काकोडकर मुख्यमंत्री झाल्या. १९७५ चा मुंडकार कायदा आणि १९७६ ची ‘कसेल त्याची जमीन’ ही कूळ कायद्यातील दुरुस्ती त्यांच्या काळातली. पक्षाच्या कार्यक्रमाची बहुजनांची बाजू अशी पुढे जात राहिली; विलीनीकरणाची बाजू मात्र मागे पडली. १९८७ च्या राजभाषा कायद्याने देवनागरी कोकणीला राजभाषेचे स्थान दिले आणि मराठीच्या वापराचीही तरतूद केली. त्याच वर्षी ३० मे रोजी गोवा घटक राज्य झाला.

आता पुन्हा आमच्या घाटमाथ्यावर येऊ. ज्या हिवाळ्यात गोव्यात कौलाची तयारी चालू होती, त्याच हिवाळ्यात आमचा प्रश्नही दिल्लीने हाती घेतला होता. सेनापती बापटांच्या उपोषणानंतर ऑक्टोबर १९६६ मध्ये निवृत्त सरन्यायाधीश मेहरचंद महाजन यांचा एकसदस्य आयोग नेमला गेला. गोव्यात एकेका मतदाराला विचारले गेले. आमच्याकडे एका माणसाला विचारले गेले. ऑगस्ट १९६७ मध्ये त्याचा अहवाल आला, बेळगाव म्हैसूर राज्यातच ठेवावे असे त्यात म्हटले होते, आणि महाराष्ट्राने तो फेटाळला. महाराष्ट्र एकीकरण समितीचे आमदार सीमाभागातून पुनःपुन्हा निवडून येत राहिले. पण त्या विजयांना दिल्लीने लोकेच्छेचा पुरावा मानले नाही. आज हा वाद २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे.

खेडे हा घटक, भौगोलिक सलगता, भाषिक बहुसंख्या आणि लोकेच्छा, ही आमची चतुःसूत्री आहे. पैकी लोकेच्छा जाणण्याचा सर्वांत प्रामाणिक मार्ग आपल्याच शेजाऱ्याच्या बाबतीत या देशाने एकदा वापरला आहे. तोच आमच्या बाबतीत का वापरला नाही, हा प्रश्न विचारण्याचा आम्हांस पूर्ण अधिकार आहे. परंतु तो विचारताना भाऊसाहेबांच्या कारकिर्दीतले दोन धडे आम्ही विसरता कामा नये. निवडणुकीतले यश म्हणजे प्रत्येक मागणीला मिळालेला होकार असे समजू नये. मतदार शाळा, जमीन, पाणी, कामधंदा या सगळ्यांचा हिशोब करूनच मत देतो आणि त्या हिशोबात आपण कोठे आहोत हे समितीच्या कार्यकर्त्याने गावोगावी जाऊन विचारले पाहिजे. दुसरा धडा अधिक कठीण आहे. कौल मागणाऱ्याने तो विरुद्ध गेला तरी स्वीकारण्याची तयारी आधी ठेवली पाहिजे. भाऊसाहेबांनी ती ठेवली होती, म्हणूनच कौलात हरलेल्या नेत्याला त्याच लोकांनी पुन्हा मुख्यमंत्री केले.

येत्या १७ जानेवारीला चौकात जमण्यापूर्वी, आदल्या दिवशी, या शेजारच्या कौलाचाही विचार आपण करावा, एवढीच वाचकांस विनंती.