घरातली जखम : एका उपचाराचा इतिहास

मंडळी, मागच्या व्याख्यानात आपण पहिल्या महायुद्धाच्या खंदकांपर्यंत आलो होतो. तोफांनी हादरलेले शिपाई, थरथरणारे हात, आणि हा आजार की भित्रेपणा यावरून डॉक्टरांमध्ये चाललेला वाद. आज आपण खंदकातून घरात येणार आहोत. मनाला इजा करणारा माणूस दरवेळी शत्रूच्या गणवेशात येत नाही. तो नवरा असतो, आई असते, ज्याच्यावर सगळा जीव टाकला असा कुणी असतो. आपल्याकडे याला नेमका शब्दप्रयोग आहे, तोंड दाबून बुक्क्यांचा मार. त्यातला मार सगळ्यांना कळतो. उपचाराचा इतिहास मात्र 'तोंड दाबून' या दोन शब्दांभोवतीच फिरत राहिला, असं आम्हाला वाटतं.

२१ एप्रिल १८९६. व्हिएन्नातल्या डॉक्टरांच्या सभेत सिग्मंड फ्रॉइड आपल्या अठरा रुग्णांबद्दल बोलतात. ज्याला तेव्हा हिस्टेरिया म्हणत, त्याच्या मुळाशी लहानपणी झालेले लैंगिक अत्याचार आहेत, असं त्यांचं म्हणणं. सभा थंड. पुढे दीड वर्षात, सप्टेंबर १८९७ मध्ये, ते आपले मित्र फ्लीस यांना पत्रात कळवतात की या सिद्धांतावरचा आपला विश्वास उडाला. कारणं बरीच दिली आहेत. त्यातलं एक असं, की हे खरं मानलं तर इतक्या साऱ्या बापांना दोषी धरावं लागेल! यानंतर भर रुग्णाच्या कल्पनांवर आणि सुप्त इच्छांवर गेला. म्हणजे बघा, प्रश्न 'तुला काय झालं?' असा होता, तो हळूहळू 'तुझ्या मनात काय आहे?' असा झाला.

आता बुडापेस्टचे शांदोर फेरेन्त्सी. इथे जरा थांबू या, कारण आम्हाला हा माणूस फार महत्त्वाचा वाटतो. फ्रॉइडचे दोन तपांचे स्नेही. इतरांनी हात टेकलेले रुग्ण हे घेत. त्यांच्या लक्षात आलं की रुग्ण जीव तोडून सांगतो आणि डॉक्टर मात्र सभ्य, कोरडा चेहरा करून बसतो. कंटाळला तरी दाखवत नाही, चुकला तरी कबूल करत नाही. आणि रुग्णाला हा चेहरा ओळखीचा असतो! घरीही इजा झाल्यावर सगळे असेच वागले होते, जणू काही झालंच नाही. मग जुनं दुखणं बरं कसं व्हायचं? ते तर पुन्हा घडतंय. डॉक्टरने आपली चूक मान्य केली की रुग्णाचा विश्वास बसतो, आणि तेव्हा कुठे भूतकाळ भूतकाळ होतो.

दुसरं निरीक्षण याहून बोचरं. भेदरलेलं मूल स्वतःला विसरून इजा करणाऱ्याची मर्जी ओळखायला शिकतं, आणि त्याचा अपराधही स्वतःच्या अंगावर घेतं. मोठेपणी समोरच्याच्या कपाळाला आठी पडली की 'माझंच काहीतरी चुकलं असेल' म्हणणारी माणसं आपण सगळ्यांनी पाहिली आहेत.

हा निबंध प्रसिद्ध करू नका, असं फ्रॉइडनी त्यांना सांगून पाहिलं. तरी सप्टेंबर १९३२ मध्ये वीसबाडनच्या अधिवेशनात त्यांनी तो वाचला. मे १९३३ मध्ये ते वारले. इंग्रजीत तो निबंध यायला १९४९ साल उजाडलं. फेरेन्त्सी वाहवलेही होते, हे सांगायला हवं. डॉक्टरने रुग्णाची आणि रुग्णाने डॉक्टरची चिकित्सा करायची, असा प्रयोग त्यांनी केला. तो चालला नाही, चालणारही नव्हता.

मधली वर्षं भरभर ओलांडू. १९८० मध्ये अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या यादीत पीटीएसडी हे निदान आलं, त्यामागे व्हिएतनामहून परतलेल्या सैनिकांचा रेटा होता. पण व्याख्या अशी की घटना सामान्य मानवी अनुभवापलीकडची हवी. आता रोज घरात अपमान सोसणाऱ्या बाईचं काय? तिच्यासाठी तर तो रोजचाच अनुभव. ज्युडिथ हर्मन यांनी नेमकं हेच बोट ठेवलं. १९९२ च्या पुस्तकात त्यांनी दीर्घकाळच्या, सुटका नसलेल्या छळाला वेगळं नाव सुचवलं, कॉम्प्लेक्स पीटीएसडी. उपचाराचे टप्पे तीन. आधी सुरक्षितता, मग आठवणं आणि शोक, मग पुन्हा माणसांत येणं. क्रम महत्त्वाचा. झोप नाही, राहायला निर्धास्त जागा नाही, अशा माणसाला जुन्या आठवणी उकरायला लावणं म्हणजे जखम नुसती उघडी टाकणं. आणि नात्यात झालेली इजा एकट्याने बसून बरी होत नाही, हा त्यांचा आग्रह; फेरेन्त्सींचंच सूत्र, साठ वर्षांनी.

जागतिक आरोग्य संघटनेच्या यादीत हे निदान १ जानेवारी २०२२ पासून लागू झालं. भावना न आवरणं, आपण कवडीमोलाचे आहोत असं वाटत राहणं, जवळीक न टिकणं, ही त्याची जादाची लक्षणं. अमेरिकन यादीत ते अजूनही वेगळं नाही.

आणि आपल्याकडे? २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याने शाब्दिक आणि भावनिक छळ हीसुद्धा हिंसाच आहे, असं स्पष्ट लिहिलं. त्याच्याही आधी मुंबईत वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात महापालिका आणि 'सेहत' या संस्थेने मिळून 'दिलासा' केंद्र सुरू केलं होतं. जागा रुग्णालयातली, यात शहाणपण आहे. समुपदेशनाला जाते म्हटलं तर घरचे अडवतील. दवाखान्यात जाते म्हटलं तर कोण अडवणार? बाई डोकेदुखी सांगत येते, झोप नाही म्हणते, कधी विष घेतलेल्या अवस्थेत आणली जाते. तिथल्या डॉक्टरांना आणि परिचारिकांना शिकवलं गेलं ते एवढंच, की केसपेपरावर औषध लिहून मोकळं व्हायचं नाही. घरचे बाहेर थांबलेले असताना तिला हळूच विचारायचं, घरी काही त्रास आहे का?