पन्नास दिरहमच्या नोटेवरचा ओरिक्स

घरात पन्नास दिरहमची जुनी कागदी नोट असेल तर ती एकदा नीट पाहा. २०२१ साली आलेल्या नव्या नोटेवर शेख झायेद आहेत; जुनीवर मात्र लांब, जवळजवळ सरळ शिंगांचा एक पांढराशुभ्र प्राणी आहे. हा अरबी ओरिक्स. आपल्या काळविटासारखाच कुरंग वर्गातला, पण अंगाने दणकट. अरबीत त्याला 'अल महा' म्हणतात. कतार एअरवेजच्या विमानावर दिसते तेही याचेच डोके.

अ‍ॅरिझोनात एम.एस. करताना मला अमेरिकेतल्या अरण्यरक्षणाच्या इतिहासाचे वेड लागले. १८७२चे यलोस्टोन, १९६४चा वन्यप्रदेश कायदा, असे मिळेल ते वाचत असे. त्या वाचनात एके ठिकाणी ओरिक्स भेटला. पुढे नोकरीसाठी दुबईत आल्यावर त्याच्याच देशात त्याची उरलेली गोष्ट सापडली.

तेलाचा पैसा आला, त्याबरोबर जीपगाड्या आल्या, बंदुका आल्या. उंटावरून दिवसचे दिवस माग काढून एखादा ओरिक्स मारणाऱ्या बदूंनी त्याला कधी संपवले नव्हते. गाड्यांनी ते काम काही दशकांतच उरकत आणले. १९६२ साली लंडनच्या फॉना प्रिझर्वेशन सोसायटीने 'ऑपरेशन ओरिक्स' हाती घेतले. केनियाचे मुख्य वन्यजीवरक्षक मेजर इयन ग्रिमवुड एडनच्या पूर्वेकडच्या वाळवंटात उतरले. एवढ्या खटाटोपातून हाती लागले फक्त चार प्राणी, आणि त्यातला एक दगावला. मग लंडनच्या प्राणिसंग्रहालयाने एक मादी दिली, कुवेतहून एक आली, सौदीच्या राजांनी चार दिले. असे नऊ ओरिक्स १९६३-६४ मध्ये जमले कुठे, तर अ‍ॅरिझोनातल्या फिनिक्सला! हवा अरबस्तानासारखीच कोरडी आणि तापट, म्हणून ते गाव निवडले होते. या कळपाला 'जागतिक कळप' असे नाव पडले.

इकडे अबू धाबीत शेख झायेद यांनीही धोका ओळखला होता. १९६८ साली अल ऐनचे प्राणिसंग्रहालय सुरू झाले आणि तिथे ओरिक्सची पैदास होऊ लागली. पुढे सर बनी यास बेटावरही कळप वाढले. हे वेळेवर झाले म्हणायचे, कारण १९७२ साली ओमानच्या जिद्दत अल हरासीस पठारावर शेवटचा रानटी ओरिक्स मारला गेला.

दहा वर्षांनी, १९८२ साली, अमेरिकेत वाढलेल्या कळपातले ओरिक्स त्याच पठारावर यालूनी इथे मोकळे सोडले गेले. राखणदार कोण? तिथल्याच हरासीस जमातीचे लोक. मला या सगळ्या इतिहासात हा भाग सर्वात मोलाचा वाटतो. अमेरिकेत राष्ट्रीय उद्याने आखताना तिथल्या मूळ रहिवाशांना बाहेर काढले गेले. इथे तेच लोक पगारी रक्षक झाले. आपल्या देवराईसारखी, ठरावीक कुरण राखायची 'हिमा' नावाची परंपरा अरबस्तानात पूर्वापार होतीच.

१९९४ साली ओमानचे अभयारण्य युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेले. १९९६च्या सुमारास तिथे चारशेहून अधिक ओरिक्स होते. आणि त्याच वर्षी चोरटी शिकार सुरू झाली. शिकार म्हणजे मांस नव्हे. जिवंत माद्या पकडायच्या आणि परदेशातल्या धनिकांच्या खाजगी संग्रहाला विकायच्या. २००७ पर्यंत ६५ उरले. ओमानने अभयारण्याचे क्षेत्र नव्वद टक्क्यांनी कमी केले, कारण तिथे तेल आणि वायूचा शोध घ्यायचा होता. जून २००७ मध्ये युनेस्कोने त्याचे नाव यादीतून काढले. असे नाव कापले गेलेले जगातले ते पहिले स्थळ.

हे वाचताना मला सोलापूरजवळचे नान्नज आठवले. माळढोकसाठी १९७९ साली महाराष्ट्राने सोलापूर आणि अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) जिल्ह्यांत अभयारण्य जाहीर केले, क्षेत्र तब्बल ८,४९६ चौरस किलोमीटर! त्यात गावे आली, शेते आली, रस्ते आले. स्वतःच्या जमिनीचा व्यवहार करायलाही अडचण, मग शेतकऱ्याला माळढोक आपला कसा वाटणार? अखेर क्षेत्र १,२२२ चौरस किलोमीटरवर आणावे लागले. ओमानात रेघ तेलासाठी आत सरकली, आपल्याकडे ती मुळातच माणसांना न विचारता ओढली होती.

अमिरातीने कुंपणाचा मार्ग धरला. दुबईचे वाळवंट संवर्धन क्षेत्र २००३ पासून राखीव आहे. २२५ चौरस किलोमीटर, म्हणजे दुबईच्या सुमारे पाच टक्के जमीन, आणि तीही कुंपणाच्या आत. ओरिक्सना चाराही पुरवला जातो. पाहुणे आले की मी त्यांना तिथे नेतो. कोणी विचारतो, "हे कसले रान? हा तर मोठा गोठा!" मला हा टोमणा पटत नाही. कुंपण नसलेल्या ओमानात काय झाले ते वर आलेच आहे. २०११ साली निसर्ग संवर्धनाच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने ओरिक्सला 'संकटग्रस्त'वरून 'असुरक्षित' या बऱ्या वर्गात घातले. निसर्गातून नामशेष झालेला प्राणी इतका वर चढण्याची ती पहिलीच वेळ होती.

नान्नजला हल्ली एखादा माळढोक दिसला तरी वर्तमानपत्रात बातमी येते. राजस्थानात मात्र जैसलमेरजवळ पैदास केंद्रे उभी राहिली आहेत. तिथे ऑक्टोबर २०२४ मध्ये कृत्रिम रेतनातून माळढोकचे पहिले पिल्लू अंड्यातून बाहेर आले. हे तंत्र आपले शास्त्रज्ञ शिकून गेले ते अबू धाबीतून. हुबारा हा माळढोकचाच अरबी भाऊबंद, आणि त्याच्या पैदाशीसाठी इथे एक आंतरराष्ट्रीय संस्था अनेक वर्षे काम करते आहे.