संगणकीय मार्गदर्शिका
संगणक किंवा त्यावरील आज्ञावली कशी चालवावी, तिच्याकडून कोणते काम करून घेता येते आणि ती अडल्यास काय करावे, हे वापरकर्त्यास सांगणारे लेखन. यंत्राबरोबर माहितीपुस्तिका देण्याची प्रथा जुनी आहे. तथापि इतर यंत्रांचे भाग निदान डोळ्यांना दिसतात. आज्ञावलीचे अंतरंग दिसत नाही. त्यामुळे येथे शब्दांवरच अधिक विसंबावे लागते. महाजालावर (वेबवर) चालणाऱ्या अनुप्रयोगांमुळे ही निकड वाढली आहे.

हार्व्हर्ड विद्यापीठातील ‘मार्क-१’ या स्वयंचलित गणकयंत्राची मार्गदर्शिका १९४६ मध्ये प्रसिद्ध झाली. तिचे बहुतांश लेखन ग्रेस हॉपर या गणितज्ञ विदुषीने केले. अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत तयार झालेल्या ‘युनिक्स’ या प्रणालीच्या पुस्तिकेची पहिली आवृत्ती नोव्हेंबर १९७१ मध्ये निघाली. आज्ञेच्या वर्णनाबरोबर तिच्यातील ज्ञात दोषही नोंदविणे, हे या पुस्तिकेचे वैशिष्ट्य होय. या काळातील वाचक बहुधा स्वतःच तज्ञ असत. पुढे संगणक इतर व्यवसायांत शिरला आणि अपुऱ्या मार्गदर्शनाचे धोके उघड झाले.

‘थेरॅक-२५’ या किरणोपचार यंत्राचे उदाहरण या संदर्भात महत्त्वाचे आहे. कॅनडात बनलेल्या या यंत्रांमुळे जून १९८५ ते जानेवारी १९८७ या काळात कॅनडा व अमेरिका येथील सहा रुग्णांना प्रमाणाबाहेर किरणमात्रा मिळाली व त्यांतील काही दगावले. मार्च १९८६ मध्ये टेक्सस राज्यातील टायलर येथे यंत्र थांबले, तेव्हा पडद्यावर ‘बिघाड ५४’ एवढीच अक्षरे उमटली. चालकाच्या पुस्तिकेत या संकेतांचा अर्थ दिलेला नव्हता. यंत्र वारंवार असे थांबत असल्याने चालकाने नेहमीप्रमाणे कळ दाबून उपचार पुढे चालू केला. अपघाताचे मूळ आज्ञावलीतील दोषात आणि यांत्रिक सुरक्षा-व्यवस्था वगळण्यात होते. परंतु संकेताचा अर्थ ठाऊक असता, तर चालकास थांबण्याचे कारण मिळाले असते.

महाजालाचा उगमही माहितीच्या जतनाच्या प्रश्नातून झाला. जिनीव्हाजवळील ‘सर्न’ या संशोधन-संस्थेत संशोधक येत-जात असत व त्यांच्याबरोबर प्रकल्पांची माहितीही लुप्त होई. यावर उपाय म्हणून टिम बर्नर्झ-ली यांनी मार्च १९८९ मध्ये परस्परांशी जोडलेल्या लेखांची योजना मांडली. १९९१ मध्ये सर्वांसाठी खुले झालेले पहिले संकेतस्थळ हे महाजाल म्हणजे काय व ते कसे वापरावे, याचेच विवेचन होते. म्हणजे महाजालाचे पहिले पृष्ठ ही त्याची मार्गदर्शिकाच होय.

छापील पुस्तिकेबरोबर विकली जाणारी आज्ञावली वापरकर्त्याने स्वतः बदलीपर्यंत तशीच राही. महाजालीय अनुप्रयोग मात्र दूरच्या संगणकावर असतो. तेथे केलेला बदल सर्वांपुढे एकाच वेळी येतो. काल परिचित असलेली कळ आज जागेवर नसते. म्हणून मार्गदर्शिकेची सुधारणा आज्ञावलीबरोबरच व्हावी लागते. अमेरिकेतील कॅन्सस राज्यातील एका वृत्तपत्राच्या कार्यालयात जन्मलेल्या व जुलै २००५ मध्ये सर्वांस खुल्या झालेल्या ‘जँगो’ या आज्ञावली-चौकटीत स्पष्टीकरणात्मक लेखन मूळ आज्ञावलीसोबतच ठेवले जाते आणि नवी सोय अंतर्भूत करताना तिचे वर्णनही द्यावे लागते.

नागरी सेवा महाजालावर आल्याने मार्गदर्शिकेस सामाजिक अर्थ प्राप्त झाला आहे. कोव्हिड साथीच्या काळात १८ ते ४४ वयोगटाच्या लसीकरणासाठी ‘कोविन’ संकेतस्थळावरील नोंदणी २८ एप्रिल २०२१ रोजी सुरू झाली. संगणकीय साधनांपासून वंचित असलेले लोक लशीलाही मुकतील, अशी चिंता सर्वोच्च न्यायालयाने त्या वर्षी मे महिन्यात व्यक्त केली. जूनमध्ये हे संकेतस्थळ मराठीसह इतर भारतीय भाषांत उपलब्ध झाले. कार्यालयातील खिडकीपाशी विचारण्यास माणूस असतो. पडद्यापाशी त्याची जागा लिखित सूचनेस घ्यावी लागते.

उत्तम मार्गदर्शिकेत नवशिक्यासाठी क्रमवार पाठ, विशिष्ट कामाची कृती, संदर्भासाठी तपशील आणि चुकीच्या संदेशांचा अर्थ ही अंगे असावीत. सदोष रचनेची उणीव लेखनाने पूर्णपणे भरून निघत नाही. तथापि जी आज्ञावली समजावून सांगणे कठीण जाते, तिची रचनाच तपासून पाहणे आवश्यक ठरते. या दृष्टीने मार्गदर्शिका-लेखन हे निर्मितीचेच एक अंग आहे.