‘समाज’ या शब्दाचा प्रवास

आपल्या मंडळाच्या अहवालात ‘समाज’ हा शब्द पानोपानी येतो. ‘समाजातील गुणवंत’, ‘समाजाची प्रगती’ असे आपण लिहितो आणि त्याचा अर्थ आपली ज्ञाति असा निःशंकपणे घेतो. जुनी वृत्तपत्रे व मासिके चाळताना मात्र हा अर्थ बराच अलीकडचा आहे असे दिसून येते.

शब्द अर्थातच प्राचीन. गिरनारच्या शिलालेखात सम्राट अशोकाने ‘समाज’ भरवू नयेत अशी आज्ञा केली आहे. काही समाज मात्र त्याने चांगले मानले आहेत! तेथे समाज म्हणजे उत्सवाचा मेळावा. अमरकोशाने तर पशूंचा तो ‘समज’ आणि इतरांचा तो ‘समाज’ असा भेद केला आहे. एका कान्याचे हे महत्त्व आम्ही वर्गात शुद्धलेखन शिकविताना मुलांना आवर्जून सांगत असू.

बाळशास्त्री जांभेकरांचे ‘दर्पण’ १८३२ साली निघाले. पुढे १८४८ पासून ‘प्रभाकर’ पत्रात लोकहितवादींची पत्रे येऊ लागली. त्यांच्या लेखणीचा आवडता शब्द ‘लोक’ हा होय. टोपणनावातही तोच आहे. संस्थांना त्या काळी ‘मंडळी’ किंवा ‘सभा’ म्हणत. ज्ञानप्रसारक सभा, परमहंस सभा ही नावे प्रसिद्धच आहेत. जन्माने मिळणाऱ्या समूहाला ‘ज्ञाति’ किंवा ‘जात’ हे सरळ शब्द होते.

१८६७ साली मुंबईत प्रार्थना समाज, १८७३ साली पुण्यात महात्मा जोतीराव फुल्यांचा सत्यशोधक समाज आणि १८७५ साली मुंबईत आर्य समाज स्थापन झाला. आठ वर्षांत तीन ‘समाज’! प्रार्थना समाजाची ‘सुबोधपत्रिका’ आणि सत्यशोधकांच्या विचारांचे ‘दीनबंधु’ ही पत्रे याच काळातली. या तिन्ही नावांतला समाज जन्माने मिळत नव्हता. मत पटले म्हणजे मनुष्य सभासद होई, न पटले तर बाहेर राही. जातीची अट नव्हती. म्हणजे ज्या शब्दाने आज आपण ज्ञाति दाखवितो, तो त्या पिढीने ज्ञातीचे कुंपण ओलांडणाऱ्यांसाठी निवडला होता. ही गोष्ट आम्हांस फार विचार करण्याजोगी वाटते.

१८८८ साली आगरकरांनी ‘सुधारक’ काढले. मिल्ल व स्पेन्सर यांच्या वाचनाने त्यांच्या लेखांत ‘समाज’ आणि ‘व्यक्ती’ समोरासमोर उभे राहिले. येथे समाज म्हणजे संस्था नव्हे, तर ज्याच्या रूढी आपल्यावर राज्य करतात तो सारा जनसमूह. र. धों. कर्व्यांनी १९२७ साली आपल्या मासिकाला ‘समाजस्वास्थ्य’ हे नाव दिले, तेही याच व्यापक अर्थाने.

परंतु या शब्दाचा सर्वांत मर्मभेदी उपयोग आम्हांस ३१ जानेवारी १९२०च्या ‘मूकनायका’च्या पहिल्या अंकात आढळतो. डॉ. आंबेडकरांनी तेथे हिंदू समाजाला मनोऱ्याची उपमा दिली आहे. प्रत्येक जात म्हणजे एक मजला. आणि मजल्यांना जोडणारा जिनाच नाही! त्याच लेखात एका जातीचेच हित पाहणाऱ्या पत्रांना त्यांनी बोटीतील उतारूचा दृष्टांत दिला आहे: दुसऱ्याच्या खोलीला भोक पाडणाराही अखेर बुडतोच. समाज म्हणजे तो संबंध मनोरा, ती संपूर्ण बोट. आपण मात्र एका मजल्यालाच मनोरा म्हणू लागलो आहोत.

असे का झाले? आमचा तर्क असा की, ‘जात’ हा शब्द उच्चारण्यास सुशिक्षितांना संकोच वाटू लागला आणि ‘समाज’ हा सभ्य शब्द हाताशी होता. संकोच चांगलाच, पण त्याने वस्तू बदलली नाही, पाटी तेवढी बदलली.

हा निव्वळ शब्दच्छल आहे असे काही ज्ञातिबांधव म्हणतील. पण आपल्या शिष्यवृत्ती निधीच्या नियमावलीत ‘समाजातील गरजू विद्यार्थी’ असे शब्द आहेत. आळीतली एखादी परज्ञातीची, पितृछत्र हरपलेली हुशार मुलगी अर्ज घेऊन आली, तर कार्यकारिणीने त्या शब्दाचा कोणता अर्थ घ्यावा? नियमावलीत ‘ज्ञाति’ हा शब्द लिहावा, किंवा ‘समाज’ ठेवून त्या मुलीचा अर्ज स्वीकारावा. आमचे मत दुसऱ्या पक्षाला आहे, आणि येत्या वार्षिक सभेत तशी सूचना आम्ही मांडणार आहोत.