रुग्णालयीन सेवकांचे लसीकरण
रुग्णसेवेत दाखल होणाऱ्यांना संसर्गापासून जपण्याची व्यवस्था. मुंबईतील प्लेगच्या साथीत वाल्डेमार हाफकिन यांनी आपली लस १० जानेवारी १८९७ रोजी प्रथम स्वतःला टोचून घेतली. सेवकांना नियमांचे संरक्षण मात्र पुष्कळ उशिरा लाभले. जैववैद्यकीय कचरा व्यवस्थापन नियम, २०१६ अन्वये सेवेत घेताना व पुढे वर्षातून किमान एकदा आरोग्यतपासणी, तसेच ब-प्रकारची कावीळ व धनुर्वात यांवरील लसीकरण ही रुग्णालयाची जबाबदारी ठरली. कचरा हाताळणारे सफाई कामगारही तीत येतात. कारण दूषित सुई टोचण्याचा धोका त्यांनाही असतो. काविळीच्या लसीच्या तीन मात्रा सामान्यतः सहा महिन्यांत पूर्ण होतात. म्हणून परभणी जिल्ह्यातील जिंतूरसारख्या तालुक्याच्या ठिकाणीही पहिली मात्रा रुजू होतानाच देणे हिताचे ठरते.